एक वाटी आणि एक वाटी मिळून दोन वाट्या होतात का?

दोस्तांनो, दळण घेऊन गिरणीत जाता ना? मग ही गंमत तुमच्या डोळ्यांसमोर नक्की घडली असणार!

डबा गव्हानं गच्च भरून न्यायचा. गिरणीवाले काका तो काट्यावर ठेवतात, वजन बघतात, गहू वरच्या तोंडात ओततात. घर्रर्र! खालून गरमागरम पीठ पडायला लागतं. बघता बघता डबा भरतो. पण पीठ अजून पडतंच आहे! काका डबा दणादण आपटतात. हातानं पीठ दाबतात. तरी थोडं उरतंच, आणि ते पिशवीत घालून आणावं लागतं.

अरेच्चा! काकांनी वरून तर काहीच घातलं नाही. गहू पाच किलो होते, पीठही पाच किलोच्या आसपासच आहे. उलट चिमूटभर गिरणीतच सांडलं असेल. मग त्याच डब्यात ते मावत का नाही?

सांगा बरं, पिठात जादा काय शिरलं?

हवा!

काट्याला ती दिसत नाही. डब्याला मात्र तिच्यासाठी जागा करून द्यावी लागते. म्हणून काटा म्हणतो 'तेवढंच आहे', आणि डबा म्हणतो 'छे, वाढलंय!' आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलतात!

आता एक कोडं. गव्हाचे चार दाणे पाण्यात टाका. बुडतात की नाही? बुडतात! म्हणजे दाणा पाण्याहून जड. एक लिटर पाण्याचं वजन असतं एक किलो. मग एक लिटरच्या भांड्यात गहू भरले, तर ते एक किलोपेक्षा जास्तच भरायला हवेत. हो ना?

भरतात किती? साधारण ७७० ग्रॅम! पाऊण किलोच्या जरासे वर, बस्स!

दाणा पाण्याहून जड, आणि भांडंभर दाणे मात्र भांडंभर पाण्याहून हलके! कारण भांडं 'भरलेलं' दिसत असलं तरी त्यातली निम्म्याच्या जवळपास जागा दाण्यांच्या फटींत बसलेल्या हवेची असते.

आणि पीठ? एक लिटरच्या भांड्यात कणीक मावते साधारण अर्धा किलो. म्हणजे डबाभर कणकेत कणकेपेक्षा हवाच जास्त! आईनं 'पिठाचा डबा आण' म्हटलं, की तुम्ही खरं तर हवेचा डबा उचलून आणता, आणि त्यात थोडं पीठही असतं!

पण पीठ तर बारीक. बारीक कण एकमेकांच्या फटीत छान बसायला नकोत का? इथंच तर खरी मजा आहे. पहिलीच्या छोट्या मुलांची रांग आठवा. सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले. 'पुढे सरका, जागा आहे!' असं बाई कितीही ओरडल्या, तरी हात सोडायला कुणी तयार नाही. पिठाचे कण अगदी तसेच! ते इतके हलके असतात, की एकमेकांना चिकटले की चिकटले. स्वतःच्या वजनानं सुटून खालच्या फटीत पडणं त्यांना जमतच नाही. चण्याचा दाणा मात्र जड. तो कुणाचा हात धरत नाही. गडगडत जातो आणि मिळेल त्या खळग्यात बसतो. म्हणूनच काका डबा आपटतात. आपटलं की हात सुटतात!

चला, आता एक पैज लावू.

एकसारख्या दोन वाट्या घ्या. एकीत काबुली चणे, दुसरीत मूग. दोन्ही वाट्या सपाट भरायच्या, वरून सुरीच्या पाठीनं दाणे सारखे करायचे. कुठली वाटी जड असेल?

'चण्याची! केवढे मोठे दाणे!' असं म्हणताय?

की 'मुगाची! फटी किती छोट्या!' असं?

उत्तर ऐका. दोन्ही जवळजवळ सारख्याच! २०० मिलिलिटरची वाटी असेल, तर चणे साधारण १७० ग्रॅम आणि मूग साधारण १७५ ग्रॅम. मसूर भरा, १६० च्या आसपास. गहू? तेही १६० च्या आसपास. ज्वारी? तीही तिथंच! दाण्यांचे आकार एवढे वेगवेगळे, आणि वजनाचे आकडे मात्र एकमेकांना खेटून उभे!

असं कसं? एक युक्ती करा. मुगाच्या वाटीचा वरून मोबाइलवर फोटो काढा. मग दोन बोटांनी तो मोठा करा, मोठा करा, आणखी मोठा करा. मूग चण्याएवढे दिसायला लागतील. पण त्यांच्यामधल्या फटींचं काय झालं? त्यासुद्धा तेवढ्याच मोठ्या झाल्या! चण्यांमध्ये फटी मोठ्या पण मोजक्या. मुगांमध्ये फटी इवल्याशा पण खंडीभर. बेरीज केली की सारखीच!

आता याहून भारी जोडी सांगू? तीळ आणि शेंगदाणे! एक मुंगीएवढा, दुसरा तिच्यापुढे हत्तीच. पण त्याच वाटीत तीळ भरा नाहीतर शेंगदाणे, दोन्ही १२० ग्रॅमच्या आसपास! संक्रांतीला लाडवाचं सामान काढाल तेव्हा नक्की बघा. आणि हो, हे दोघं चण्या-मुगांपेक्षा एवढे हलके का, ओळखलंत? दोघांच्या पोटात तेल आहे! तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्याहून हलकं. पोटात तेल भरलं, की दाणाही हलका.

म्हणजे दाण्याच्या आकारमानानं फारसं काही बिघडत नाही. दाण्याच्या ठेवणीनं मात्र बिघडतं! लांब-लांब तांदूळ घ्या, बासमतीसारखा. वाटी भरते साधारण १५५ ग्रॅम. आता आखूड तांदूळ घ्या. आपल्या आंबेमोहराचा दाणा कसा आखूड आणि गुटगुटीत असतो, तसा. वाटी भरते १७० च्या घरात! लांब दाणे एकमेकांवर आडवेतिडवे पडतात आणि मधे फटी सोडतात. गुटगुटीत दाणे शहाण्यासारखे जवळजवळ बसतात.

या विषयावर शास्त्रज्ञांनी चक्क चॉकलेटच्या गोळ्या घेऊन संशोधन केलंय! खोटं नाही सांगत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पॉल चाइकिन नावाचे प्राध्यापक होते. त्यांना एम अँड एम या गोळ्या फार आवडायच्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून त्यांच्या खोलीत पिंपभर गोळ्या आणून ठेवल्या! (असे विद्यार्थी सगळ्या शिक्षकांना मिळोत!) मग गोळ्यांकडे बघता बघता प्रश्न निघाला : या चपटगोल गोळ्या नुसत्या ओतल्या, तर भांड्यातली किती जागा व्यापतात?

साध्या गोल गोट्या कशाही ओतल्या आणि हलवून हलवून बसवल्या, तर १०० पैकी साधारण ६४ भाग जागा व्यापतात. चपटगोल गोळ्यांनी व्यापली साधारण ६८ भाग! गोल गोटीला सरासरी ६ शेजारी टेकतात. चपट्या गोळीला जवळजवळ १०! कारण चपटी गोळी थोडी वळू शकते, कलू शकते, अंग चोरून शेजाऱ्याला चिकटू शकते. हे संशोधन २००४ मध्ये 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. गोळ्या शेवटी कुणी खाल्ल्या, ते मात्र विचारू नका!

चपटगोल दाणा आपल्या स्वयंपाकघरातही आहे बरं का. अख्खा मसूर! बघा नीट हातात घेऊन.

आता या लेखाच्या नावातला प्रश्न. एक वाटी आणि एक वाटी मिळून किती?

एक वाटी काबुली चणे घ्या. एक वाटी राजगिरा घ्या. दोन्ही एका मोठ्या डब्यात ओता, झाकण लावा, मस्त हलवा. आता तेच मिश्रण पुन्हा त्याच वाटीनं मोजा.

एक वाटी भरली. दुसरी... अरे! दुसरी भरतच नाही! पावणेदोन वाट्यांच्याही आतच खेळ संपतो!

राजगिरा गेला कुठं? चण्यांच्या फटींत जाऊन बसला! तिथं आधी नुसती हवा होती. आता काट्यावर ठेवून बघा. चण्यांचं वजन अधिक राजगिऱ्याचं वजन, बेरीज अगदी बरोब्बर. वजनात एक ग्रॅमही हरवला नाही. हरवली ती फक्त जागा!

(प्रयोग झाला की मिश्रण चाळणीतून चाळा. राजगिरा खाली, चणे वर. घरातली मंडळी ओरडायच्या आत जिथल्या तिथं!)

बरं, हवा किती होती हेही मोजता येतं. वाटीत सपाट चणे भरा आणि मापाच्या पेल्यानं हळूहळू पाणी ओता, अगदी काठापर्यंत. पण भरभर हं, नाहीतर चणे पाणी पिऊन टाकतील! २०० मिलिलिटरच्या वाटीत ८० मिलिलिटरच्या आसपास पाणी सहज जिरेल. जेवढं पाणी गेलं, तेवढी हवा बाहेर पडली.

आता शीग! शीग म्हणजे वाटीच्या काठावर उभा राहिलेला धान्याचा डोंगर. 'एक वाटी तांदूळ घाल' म्हटलं की काही जण सपाट वाटी घालतात, काही जण शिगोशीग. यानं कितीसा फरक पडणार?

चला, हिशेब करू. धान्याचा ढीग फार उंच उभा राहत नाही, दाणे घसरतात. ढीग जेवढा रुंद, त्याच्या साधारण पाव पट उंच होतो. समजा, एक पसरट वाटी आहे, तोंड ८ सेंटीमीटर रुंद आणि खोली ४ सेंटीमीटर. सपाट भरली तर तिच्यात २०० मिलिलिटर मावतात. तिच्यावरची शीग होते ३३ मिलिलिटरची! म्हणजे सहावा हिस्सा फुकट! आता एक उभट पेला घ्या, तोंड ६ सेंटीमीटर, खोली ७. त्यातही मावतात २०० मिलिलिटरच. पण शीग? फक्त १४ मिलिलिटर! तोंड लहान, म्हणून डोंगर लहान. दोन्ही भांडी सारख्याच मापाची, दोन्ही शिगोशीग, तरी धान्य कमी-जास्त. म्हणून शीग लावून काही मोजायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरीची पाठ फिरवा आणि सपाट करा. भांडण मिटलं!

आता महत्त्वाचं काम. तुमच्या घरातल्या वाटीचं वजनाचं पत्रक बनवायचं.

घरात छोटा वजनकाटा असेल, तर रिकामी वाटी ठेवा, शून्याचं बटण दाबा, आणि वाटीत काठोकाठ पाणी भरा. काटा १८० ग्रॅम म्हणाला? मग वाटी १८० मिलिलिटरची! कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. वाटी कोरडी करा. आता अख्खी धान्यं आणि डाळी यांच्यासाठी त्या आकड्याला ०.८ नं गुणा. १८० गुणिले ०.८ म्हणजे १४४ ग्रॅम. कणकेसाठी निम्मं करा, ९० ग्रॅम. झालं!

काटा नाही? काहीच अडत नाही! डाळीचं अर्ध्या किलोचं पाकीट फोडाल तेव्हा ती वाटीनं सपाट मोजत डब्यात भरा. समजा, साडेतीन वाट्या भरल्या. मग ५०० भागिले साडेतीन, साधारण १४३ ग्रॅम. दुकानदाराच्या काट्यानं तुमच्यासाठी वजन आधीच करून ठेवलंय, तुम्ही फक्त भागाकार करायचा! उत्तर कागदावर लिहा आणि डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

एक गोष्ट मात्र ०.८ ला अजिबात जुमानत नाही. चुरमुरे! २०० मिलिलिटरच्या वाटीत चुरमुरे मावतात फक्त १२ ग्रॅमच्या आसपास. तांदळाच्या तेरा पट हलके! आधी तो तांदूळच होता की! पण कढईतल्या तापलेल्या वाळूत पडला, आतल्या पाण्याची वाफ झाली, आणि दाणा फुस्सकन फुगला. आता हवा फक्त दाण्यांच्या मधे नाही, दाण्याच्या पोटातही आहे. भेळेची मोठ्ठी पिशवी एका करंगळीवर लटकते ती त्यामुळेच!

'पण आजी तर कधीच वजन करत नाही, तरी तिचे डोसे फर्स्टक्लास!' असं म्हणाल तुम्ही. अगदी खरं! तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. वाटी कुठलीही घ्या, छोटी नाहीतर मोठी, फक्त दोन्हींना एकच घ्या. तांदूळ आणि उडीद दोघांचं वजन वाटीमागे जवळजवळ सारखंच. त्यामुळे तीन किलोला एक किलो घेतलं काय किंवा तीन वाट्यांना एक वाटी घेतली काय, डोसा तोच!

पण शिऱ्याचं तसं नाही हं! सत्यनारायणाचा प्रसाद आठवा. रवा, साखर, तूप, सगळं सव्वा-सव्वा. दिसायला किती सोपं! पण सव्वा काय? सव्वा वाटी की सव्वा किलो?

एकेका वाटीचं वजन बघा. तीच २०० मिलिलिटरची वाटी. रवा साधारण १४० ग्रॅम. साखर साधारण १७० ग्रॅम. आणि पातळ केलेलं तूप? साधारण १८० ग्रॅम! तुपाच्या वाटीत फटीच नाहीत ना! म्हणजे वाटीनं 'सारखं' घेतलं, तर रवा सगळ्यांत कमी आणि तूप सगळ्यांत जास्त! किलोनं सारखं घेतलं, तर तिघंही खरोखर सारखे. म्हणून सव्वा वाटीचा प्रसाद सव्वा किलोच्या प्रसादापेक्षा जास्त गोड आणि जास्त तुपकट! मला विचाराल तर वाटीचाच चांगला.

पूर्वी आपल्याकडे धान्य मापानंच मोजायचे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. १९५६ मध्ये कायदा झाला, हळूहळू किलो-ग्रॅम आले, आणि बाजारात काटा राजा झाला. तरी गावाकडे 'यंदा इतक्या पायल्या ज्वारी झाली' असं अजूनही ऐकू येतं.

जपानमध्येही तसंच. विजेच्या कुकरबरोबर एक छोटा प्लॅस्टिकचा कप मिळतो, पाहिलाय? त्यात १८० मिलिलिटर मावतात. बाकी कुठल्याच मापाशी न जुळणारा हा विचित्र आकडा आला कुठून? ते जपानचं जुनं तांदळाचं माप आहे, 'गो'! एक गो म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ. आणि १,००० गो म्हणजे एक 'कोकू', साधारण १५० किलो. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ म्हणजे एक कोकू, असा हिशेब. जुन्या काळी तिथल्या सरदारांची श्रीमंती पैशांत नाही, कोकूंत मोजायचे! दहा हजार कोकूंचा मुलूख असेल, तर मोठा सरदार!

आता शेवटचं. दाण्यांमधली ती हवा पूर्ण हाकलून देता येईल का?

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांना प्रयोगांचा भारी नाद! १७२७ मध्ये छापलेल्या त्यांच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. त्यांनी लोखंडी भांड्यात वाटाणे भरले, पाणी घातलं, आणि झाकणावर भलंमोठं वजन ठेवलं. वाटाणे पाणी पिऊन फुगायला लागले. वर सरकायला जागा नाही, मग जाणार कुठं? फुगत फुगत त्यांनी सगळ्या फटी भरून टाकल्या! भांडं उघडलं तर एकही वाटाणा गोल राहिला नव्हता. एकमेकांना दाबून दाबून त्यांच्या अंगावर सपाट बाजू आल्या होत्या, फाशाला असतात तशा. कितीतरी वाटाण्यांना तर १२-१२ बाजू!

उसळीसाठी घरी वाटाणे भिजत घालतील, तेव्हा मूठभर वाटाणे मागून घ्या आणि एका जुन्या स्टीलच्या डबीत गच्च भरा. पाणी घाला, वर छोटी ताटली आणि तिच्यावर खलबत्ता ठेवा. सकाळी तळाचे वाटाणे निवडून त्यांच्या बाजू मोजा. फक्त काचेची बरणी घेऊ नका आणि झाकण घट्ट लावू नका हं. फुगणाऱ्या वाटाण्यांत एवढा जोर असतो, की काच तडकायची!